गुडघे साथ देत नसताना उंच डोंगरांतली अनेक दिवसांची घोडेसफर झेपेल का?

वाटसरू_मुलुंड

नमस्कार.

माझे वय ५४ आहे. नोकरीत असताना शनिवारी रात्रीची शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल पकडून सह्याद्रीतले नेहमीचे बहुतेक किल्ले मी पाहिले. परंतु अलीकडे दोन्ही गुडघ्यांची झीज सुरू झाल्यामुळे चढ जमतो आणि उतार मात्र जीव काढतो, अशी अवस्था आहे. पाठीवर ओझे घेऊन डोंगर उतरणे बंद करावे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. उंच डोंगरांची ओढ सुटत नाही, म्हणून पुढील जुलै महिन्यात मी आणि माझी नणंद अशा दोघींनी किरगिझस्तानातील सोन-कुल सरोवराकडे वाटाड्याबरोबर घोड्यावरून जावे, असा विचार चालला आहे. चार दिवसांची सफर, रोज पाच-सहा तास घोड्यावर आणि रात्रीचा मुक्काम उन्हाळी कुरणांवर पशुपालकांच्या युर्तमध्ये, म्हणजे गोल तंबूत, असे तिचे स्वरूप दिसते. दुसरा पर्याय स्पितीतील किब्बरहून परांग ला ही खिंड ओलांडून लडाखमधील त्सो मोरिरी सरोवरापर्यंत जाण्याचा आहे. तो आपल्याच देशातला असल्यामुळे घरच्यांना अधिक सुरक्षित वाटतो.

घोड्यावर बसण्याचा आमचा अनुभव म्हणाल तर माथेरानला दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत, आणि तेव्हाही घोडेवाला लगाम धरून पुढे चालत होता. माझे वजन ७२ किलो आणि नणंदेचे ५८ किलो आहे. तिचे गुडघे ठणठणीत आहेत, पण दरीच्या कडेने जाताना तिला भोवळ आल्यासारखे होते. "चालायचे घोड्याने, तू नुसती बसणार, मग तयारी कसली?" असे आमच्या यजमानांचे मत आहे. ते कितपत खरे मानावे, दोन्हींपैकी कोणता मार्ग निवडावा आणि हाताशी असलेल्या महिन्यांत मुंबईतच राहून काय करता येईल, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

मांड_पक्की

ताई, यजमानांना एक दिवस महालक्ष्मीला घेऊन या आणि अर्धा तास दुडक्या चालीने घोड्यावर बसवा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांचे मत आपोआप बदललेले असेल.

प्रथम मार्गाविषयी सांगतो, कारण तुमचे दोन पर्याय एका पंक्तीत बसणारे नाहीत. सोन-कुल सरोवर समुद्रसपाटीपासून ३,०१६ मीटर उंचीवर आहे आणि किझार्त गावाकडून तिथे जाताना ज्या खिंडी लागतात, त्या त्याहून तीन-चारशे मीटर उंच असतात. परांग ला ही खिंड साडेपाच हजार मीटरच्याही वर आहे; किब्बर गावच सुमारे ४,२०० मीटरवर वसलेले आहे आणि जिथे सफर संपते ते त्सो मोरिरी ४,५०० मीटरवर आहे. म्हणजे सोन-कुलच्या वाटेवरचा सर्वांत उंच बिंदू हा स्पितीच्या सफरीच्या पहिल्या पावलापेक्षाही खाली येतो. त्यातून परांग ला ओलांडली की पुढे कित्येक मुक्काम मोटाररस्ता नाही आणि मागे वळायचे तर पुन्हा तीच खिंड चढावी लागते. देश आपला म्हणून डोंगर आपला होत नाही. पहिल्याच घोडेसफरीसाठी मी परांग ला कोणालाही सुचवणार नाही, मग त्याचे गुडघे कितीही भक्कम असोत.

दुसरा मुद्दा घोड्यांचा आहे. आपल्या हिमालयातल्या पदयात्रांमध्ये दिसणारी बहुतेक जनावरे ही सामान वाहणारी तट्टे किंवा खेचरे असतात. ती वाटाड्याच्या शिट्टीवर आणि पुढच्या जनावराच्या शेपटीवर चालतात, स्वाराच्या लगामावर नव्हे. स्पितीतले चुमुर्ती आणि झंस्कारचे झंस्करी घोडे याला अपवाद आहेत. दोन्ही जाती विरळ हवेत कणखरपणे चालण्याबद्दल नावाजलेल्या आहेत, आणि नोव्हेंबरात रामपूरला लवी जत्रेच्या वेळी चुमुर्ती घोड्यांचा स्वतंत्र बाजार भरतो. तरीही स्पितीत स्वारीसाठी नीट तयार केलेले घोडे शोधूनच घ्यावे लागतात. किरगिझ कुरणांवर परिस्थिती उलटी आहे. तिथली मुले शाळेत जायच्या वयाच्या आधीपासून घोड्यावर असतात, मेंढ्या वळण्यापासून शेजारच्या युर्तला निरोप देण्यापर्यंत सगळी कामे घोड्यावरूनच होतात, आणि त्यामुळे घोड्याला पाठीवर माणूस असण्याची सवय पक्की असते.

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. माथेरानला घोडेवाला लगाम धरतो, तेव्हा तुम्ही स्वार नसता. सोन-कुलच्या वाटेवर वाटाड्या स्वतःच्या घोड्यावर, तुमच्या पंधरा-वीस पावले पुढे असतो, आणि तुमचा लगाम तुमच्याच हातात असतो. तिथे लगाम एका हातात धरण्याची पद्धत आहे. वळायचे त्या बाजूला हात नेला की दोर मानेला टेकतो आणि घोडा वळतो. पुढे जाण्यासाठी टाच लावून "चू" असा आवाज काढतात. हे सारे अर्ध्या दिवसात शिकता येते. जे अर्ध्या दिवसात येत नाही, ते म्हणजे मांड. घोडा ठेचकाळला, ओढ्यापाशी अचानक थांबला किंवा माशी चावल्यामुळे त्याने मान झटकली, तर लगामाला न लोंबकळता मांड्यांच्या आणि कमरेच्या बळावर जागेवर राहता येणे, ही सगळी विद्या तेवढीच आहे आणि ती महिन्यांच्या सरावानेच अंगी येते.

म्हणून आतापासून आठवड्यातून एकदा तरी रीतसर शिकवणी लावा. महालक्ष्मी रेसकोर्सवरचा अमॅच्युअर रायडर्स क्लब सर्वांना माहीत आहे. मुलुंडहून तो लांब पडत असेल, तर ठाणे-कर्जतच्या बाजूच्या घोडेस्वारीच्या शाळांची चौकशी करा. चढणे, उतरणे, थांबवणे, वळवणे आणि दुडकी चाल एवढे पुरे. चौखूर उधळण्याचे स्वप्न या सफरीपुरते बाजूला ठेवा, कारण डोंगरात नव्वद टक्के वेळ घोडा चालतच असतो आणि त्याचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरच्या पुढे जात नाही. मात्र मैदानातली पाऊण तासाची शिकवणी ही डोंगराची परीक्षा नव्हे. थोडे स्थिर झालात की माथेरानला आडवारी, गर्दी नसताना जा, अर्ध्या दिवसासाठी घोडा ठरवा, घोडेवाल्याला लगाम तुमच्या हातात देऊन बरोबर चालायला सांगा आणि लाल मातीच्या वाटांनी दोन-तीन पॉइंट करून या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. खरे घोडे पेंड खाते ते या दुसऱ्या दिवशी: आदल्या दिवशी मांडीची आतली बाजू सोललेली असते, बैठकीची हाडे दुखत असतात आणि तरीही तीन तास बसायचे असते. ते सहन झाले, तर सोन-कुल जमेल.

एक बारीक गोष्ट सांगून थांबतो. खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा, आवळताना पुष्कळ घोडे छातीत हवा भरून पोट फुगवतात. तेव्हा तंग घट्ट वाटतो; दहा मिनिटे चालल्यावर घोडा श्वास सोडतो, तंग सैल होतो आणि पहिल्याच चढावर खोगीर एका बाजूला कलते. वाटाड्या चांगला असेल तर थोडे अंतर गेल्यावर स्वतः खाली उतरून सगळ्यांचे तंग पुन्हा तपासतो. तो विसरला, तर तुम्ही थांबवून सांगा. यात संकोच नको.

अस्थिसंधी

मी परळला अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि वरील उत्तराला वैद्यकीय बाजूने थोडी जोड देतो. आपल्या डॉक्टरांचा सल्ला हाच अखेरचा समजावा.

घोड्यावर बसल्यामुळे गुडघ्यावरचा शरीराचा भार कमी होतो, हे खरे आहे. परंतु भार गेला तरी वाकण आणि पीळ राहतो. रिकीब, म्हणजे पाऊल ठेवण्याची लोंबती कडी, आखूड असली की गुडघा तासन् तास वाकलेल्या अवस्थेत अडकतो, आणि ज्यांच्या वाटीमागच्या कूर्चेची झीज झाली आहे त्यांना नेमका हाच त्रास होतो. त्यात किरगिझ खोगिरावर जाड गादी घालतात, त्यामुळे बैठक रुंद होते, मांड्या फाकतात, पावले बाहेर वळतात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या बंधांना ताण बसतो. उपाय साधा आहे. घोड्यावर बसून पाय मोकळा सोडल्यावर रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी येईल इतकी तिची लांबी ठेवण्यास सांगावे, आणि पहिल्या तासात दुखू लागले तर तिथेच थांबून ती बदलून घ्यावी. दुपारपर्यंत "बघू" म्हणत राहू नये.

उतार हा तुमचा प्रमुख शत्रू आहे, आणि इथे निराशाजनक गोष्ट सांगणे भाग आहे. खिंडीवरून उतरताना जिथे उतार तीव्र आणि घसरडा असतो, तिथे वाटाडे स्वाराला खाली उतरवून घोडा हाताने धरून चालवायला लावतात, आणि घोड्याच्या पुढच्या पायांसाठी ते योग्यच असते. अशा वेळी अर्धा-पाऊण तास दगडगोट्यांतून उतरावे लागू शकते. पाठीवर ओझे नसते हा मोठा फरक आहे, तरीही दुमडणाऱ्या दोन काठ्या खोगिराच्या पिशवीत असाव्यात आणि गुडघ्याचा पट्टा वापरण्याची सवय आधीपासून असावी. घोड्यावरून पायउतार होताना उडी मारणे पूर्णपणे टाळावे. पाच तास आखडलेल्या गुडघ्यांवर साडेचार फुटांवरून पडणारा भार हा अख्ख्या दिवसाच्या स्वारीपेक्षा अधिक इजा करतो. पोट खोगिराला टेकवून हळूहळू घसरावे, किंवा घोडा एखाद्या मोठ्या दगडाजवळ उभा करून त्यावर उतरावे. चढतानाही तोच दगड कामाला येतो.

तुमच्या वयाचा विचार करता हाडांची घनता एकदा मोजून घ्यावी. घोड्यावरून पडणे हे कधी ना कधी घडते असेच धरून चालावे, आणि ठिसूळ हाडांच्या व्यक्तीला मऊ गवतावर पडूनही मनगट किंवा मणका मोडू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे कोणी घेत असेल, तर त्या व्यक्तीने ही सफर आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ठरवूच नये, कारण डोक्याला लागलेला किरकोळ मार अशा वेळी किरकोळ राहत नाही. शिरस्त्राण मुंबईहून स्वतःचे न्यावे. तिथे मिळेलच असे नाही आणि मिळाले तरी मापाचे असेलच असे नाही. सायकलचे शिरस्त्राण डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही, म्हणून घोडेस्वारीचेच घ्यावे.

आता उंचीविषयी, कारण घोड्यावर तिचे रूप फसवे असते. पायी चढणारा माणूस दमतो, थांबतो, आणि त्यामुळे सावकाश वर जातो. स्वाराला धाप लागत नाही, घोडा मात्र काही तासांत हजारएक मीटर चढवून ठेवतो. विरळ हवेशी जुळवून घेण्याचे काम शरीराला स्वतःच करावे लागते. ते घोड्यावर सोपवता येत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, असा सर्वमान्य दंडक आहे. मुंबईहून बिश्केक, तिथून सुमारे १,८०० मीटरवरच्या कोचकोरला एक रात्र, मग वाटेतल्या किलेमचेसारख्या कुरणावर एक रात्र आणि त्यानंतर सोन-कुल, अशी रचना मला समाधानकारक वाटते. सकाळी बिश्केकहून निघून संध्याकाळी सरोवराकाठी पोहोचवणाऱ्या कार्यक्रमांना नकार द्यावा. ॲसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

डोकेदुखी आणि मळमळ ही लक्षणे बसल्या जागी कळतात. पण मेंदूला सूज येऊ लागल्याचे जे महत्त्वाचे चिन्ह, म्हणजे चालताना तोल जाणे, ते बसलेल्या माणसात दिसतच नाही. स्वार लटपटत चालू लागला आहे, हे घोडा लपवून ठेवतो. म्हणून प्रत्येक विश्रांतीला दोघींनी खाली उतरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत दहा पावले चालून दाखवावे. ते जमले नाही, तर त्याच दिवशी खाली जायचे. सकाळची वाट पाहायची नाही.

चंदी_आणि_वैरण

वरील दोन्ही उत्तरे स्वाराच्या बाजूने आहेत. घोड्याच्या बाजूनेही कोणी बोलावे, म्हणून लिहीत आहे.

घोड्याने आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतच भार दिवसभर वाहावा, असे जाणकार सर्वसाधारणपणे मानतात. डोंगरी घोडा साधारण साडेतीनशे किलोचा धरला, तर हा आकडा सत्तर किलो होतो. ताई, तुमचे ७२ किलो, त्यावर बूट, जाकीट आणि शिरस्त्राणाचे चार-पाच किलो, खोगीर व गादीचे दहा किलो, आणि वर खोगिराच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, म्हणजे बेरीज नव्वदीच्या घरात जाते. यावरून तुम्ही जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. परंतु तुमच्यासाठी थोराड घोडा मागावा, सामान वेगळ्या घोड्यावर लादण्यास सांगून त्याचे पैसे बिनतक्रार द्यावेत, आणि सपाटीवर तासातून दहा मिनिटे खाली उतरून चालावे. याचा तुमच्या गुडघ्यांनाही फायदाच होईल.

निघण्याच्या सकाळी खोगीर चढवण्यापूर्वी घोड्याची पाठ पाहून घ्या. मानेमागचा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही अंगांनी पाठीवर हात फिरवा; तिथे केस गेलेले, ओल असलेली किंवा दाबल्यावर घोडा अंग चोरतो अशी जागा सापडली, तर त्याला पाठीचा घाव आहे आणि तुमच्या खोगिराखाली तो दिवसभर सोलला जाणार आहे. चारही नाल जागेवर आहेत का, ते बघा. हा घोडा कालपर्यंत कोणाकडे होता आणि उद्यानंतर त्याला विश्रांती आहे का, असे वाटाड्याला सरळ विचारा. जो वाटाड्या घोंगडी उचलून पाठ दाखवायला का-कू करतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. केदारनाथच्या वाटेवरील खेचरांच्या हालांच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. ते हाल गिऱ्हाइकाने न विचारल्यामुळेही होतात.

मांड_पक्की

पाठ तपासण्याविषयी चंदी_आणि_वैरण यांनी लिहिले ते शंभर टक्के मान्य. वीस टक्क्यांचा हिशेब मात्र जरा सैल हाताने घ्यावा. तिथले पशुपालक स्वतः ऐंशी-नव्वद किलोचे असतात आणि त्याच घोड्यांवर उन्हाळाभर फिरतात. नवशिक्याचे अडुसष्ट किलो हे सरावलेल्या स्वाराच्या ऐंशीपेक्षा घोड्याला अधिक जाचतात, कारण नवशिका पोत्यासारखा आदळत राहतो. म्हणून वजन उतरवण्यापेक्षा, किंवा उतरवण्याबरोबरच म्हणू या, नीट बसायला शिकणे ही घोड्यावरची मोठी दया आहे.

वाटसरू_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. परांग लाचा विचार सोडून दिला आहे, आणि यजमानांना डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचून दाखवले. ते आता स्वतःच महालक्ष्मीची चौकशी करीत आहेत.

आणखी तीन शंका आहेत. पावसाळी कपडे नेमके कसे असावेत? नणंदेच्या भोवळीवर काही उपाय आहे का, कारण घोडा कड्याच्या बाजूने चालतो असे तिने कुठेसे ऐकले आहे आणि तेव्हापासून ती धास्तावली आहे? आणि आम्ही दोघी पूर्ण शाकाहारी आहोत, तेव्हा तिथे खाण्याचे काय करावे?

मांड_पक्की

त्यांनी ऐकले ते खरे आहे, आणि त्याचे कारणही आहे. पाठीवर दोन्ही बाजूंनी बोजे लादून डोंगरात चाललेले जनावर कपारीच्या बाजूने गेले, तर बोजा खडकाला घासतो आणि त्याचाच तोल जातो. म्हणून ते बाहेरच्या कडेने चालायला शिकते आणि पाठीवर बोज्याऐवजी माणूस असला तरी ती सवय सोडत नाही. अशा वेळी घाबरलेला स्वार लगाम आतल्या बाजूला ओढतो, घोड्याची मान आत वळते आणि मागचे पाय नेमके दरीकडे सरकतात. नणंदेला एवढेच सांगा की अरुंद वाटेवर लगाम सैल सोडायचा, नजर घोड्याच्या दोन कानांच्या मधून वाटाड्याच्या पाठीवर ठेवायची आणि वजन मधोमध ठेवायचे. खाली बघायचे नाही आणि कपारीकडे झुकायचेही नाही. तिचा घोडा वाटाड्याच्या लगेच मागे ठेवण्यास सांगा. फारच असह्य झाले, तर उतरून चालण्याची मुभा तिला नेहमीच आहे. मात्र उतरायचे ते कपारीच्या बाजूने, आणि वाटाड्या घोडा धरून उभा राहिल्यावरच. तसे पाहिले तर किझार्तकडून जाणारी वाट बहुतांशी रुंद, गवताळ दऱ्यांतून जाते आणि सरोवराभोवतीचे पठार तर डोळ्यांना शेवट न लागावा इतके मोकळे आहे. आपल्याकडच्या कड्यांसारखे ठिकाण तिथे क्वचितच येते.

पावसाळी कपड्यांत पोंचो अजिबात नको. वाऱ्याने त्याची टोके फडफडली की घोडा बुजतो, आणि बुजलेला घोडा आधी पळतो व मग विचार करतो. अंगाला बसणारे जाकीट आणि विजार घ्या, आणि ती घालायची किंवा काढायची असेल तर खाली उतरून. दोन्ही हात बाहीत अडकलेले असताना घोड्याने दुडकी धरली, तर तुमच्या हाती काहीच उरत नाही. सरोवराकाठी जुलैतही रात्री पारा शून्याजवळ जातो आणि बर्फ पडणे अशक्य नसते. घोड्यावर शरीराची हालचाल कमी होत असल्यामुळे चालणाऱ्यापेक्षा स्वाराला थंडी जास्त वाजते, विशेषतः बोटांना. म्हणून लगाम धरता येतील असे पातळ हातमोजे खिशातच ठेवा. बुटाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. जाड खाचांच्या तळव्याचे अवजड ट्रेकिंग बूट मात्र रिकिबीत अडकून बसतात, आणि पडताना पाय अडकणे हाच या सफरीतला सर्वांत वाईट अपघात आहे. आत शिवण नसलेली सायकलवाल्यांची लांब विजार घातली, तर मांड्या सोलायच्या वाचतील. कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नका.

हिमनदीतून येणारे ओढे दुपारनंतर फुगतात, हे तिएन शान पर्वतरांगेत अन्यत्र गेलात तर लक्षात ठेवा. सोन-कुलच्या वाटेवर लहान ओढेच लागतात. तिथे लगाम सैल सोडून पलीकडच्या काठाकडे बघावे, पाय कुठे टाकायचा हे घोड्याला कळते.

तिखटमीठ_गिरगाव

खाण्यापुरते मी सांगते. किरगिझ जेवण मांसाभोवती फिरते आणि त्यात घोड्याचे मांसही मानाचे समजले जाते. ज्याच्यावर बसून आलो त्याचाच भाऊबंद ताटात, हे आपल्या पचनी पडायला वेळ लागतो, पण त्यांच्या घरात बसून त्यावर नाक मुरडू नये. शाकाहारी असल्याचे वाटाड्याला सफर ठरवतानाच कळवा आणि "मटणाचे तुकडे बाजूला काढून दिले" म्हणजे शाकाहार नव्हे, हेही स्पष्ट करा, कारण रस्सा तोच असतो. नान, घट्ट साय, जाम, चहा, काकडी-टोमॅटो आणि बटाटे मिळतात. घोडीचे आंबवलेले दूध, म्हणजे कुमिस, तुमच्यापुढे हमखास येईल. ते आंबट असते आणि त्यात थोडासा मद्यांशही असतो. चालत नसेल तर वाडगा ओठांना लावून आदराने परत द्यावा. पोट नाजूक असेल तर पहिल्या दिवशी एका घोटावर थांबणे बरे, कारण शौचालय युर्तपासून लांब असते आणि रात्री गारठा असतो. मुंबईहून मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, थेपले आणि गरम पाण्यात होणारे उपम्याचे पीठ न्या. सरोवराकाठी झाड नाही. शेण वाळवून केलेल्या गोवऱ्यांवरच सगळा स्वयंपाक होतो, तेव्हा तुमच्यासाठी वेगळी चूल पेटवण्याची अपेक्षा ठेवू नका. गरम पाणी मात्र केव्हाही मागता येते.

फोर्टचा_विमावाला

विम्याचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून थोडक्यात. परदेश प्रवासाच्या पुष्कळशा साध्या पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात, आणि अनेक दिवसांची घोडेस्वारी त्यात धरायची की नाही यावर वाद दावा करताना निघतो. पॉलिसी घेण्यापूर्वी कंपनीला ई-मेल करून दोन गोष्टी लेखी मागा: मार्गदर्शकासह घोडेस्वारी समाविष्ट आहे का, आणि किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे. तुमच्या मार्गासाठी साडेतीन हजार मीटरपर्यंतचे संरक्षण पुरेल. फोनवर दिलेले आश्वासन धरू नका. डोंगरातून खाली आणण्याचा खर्च, म्हणजे नुसते रुग्णालयाचे बिल नव्हे, वेगळ्या कलमात लिहिलेला असतो. ते कलम आहे आणि त्याची रक्कम पुरेशी आहे, याची खात्री करा. गुडघ्यांची झीज आधीपासून असल्याचे अर्जात अवश्य लिहा. ते लपवले, तर पडल्यामुळे पाय मोडला तरी कंपनी जुन्या दुखण्याकडे बोट दाखवू शकते. पॉलिसीचा क्रमांक आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून दोघींनी एकमेकींचा जवळ ठेवा, कारण सरोवराकडच्या कुरणांवर मोबाईलला रेंज मिळण्याचा भरवसा नाही आणि निरोप शेवटी वाटाड्यालाच घोड्यावरून न्यावा लागतो.